पहिल्या मांजराची संमती

बचत खात्यावर दुसरे नाव चढवावयाचे झाल्यास पहिल्या खातेदाराची सही लागते, हे आपल्या बँकेच्या ग्राहकांस सांगावयास नको. घरात दुसरे मांजर आणण्याचा निर्णय मात्र बहुधा पहिल्या मांजराच्या सहीवाचूनच घेतला जातो. कधी पावसाळ्याच्या तोंडाशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली ओरडणारे पिल्लू मुले उचलून आणतात. कधी एखादे परिचित कुटुंब परगावी बदली झाल्यामुळे ‘तुमच्याकडे एक आहेच, त्यात आणखी एक’ असे म्हणून आपले मांजर सोपवू पाहते. तर कधी मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडलेली असतात, दिवसभर दाराला कुलूप असते, आणि आपले मांजर घरात एकटे पडते या विचाराने घरच्यांचेच मन हळहळू लागते. या तीन कारणांपैकी शेवटचे सर्वांत सद्भावनेचे, आणि म्हणूनच जरा बारकाईने तपासून पाहण्याजोगे आहे.

एकटेपणा कोणाचा?

एकट्याने जेवणे हे आपल्याकडे दुर्दैवाचे लक्षण मानले जाते. माणूस समूहात वाढला, कुत्राही कळपात वाढला. मांजराचे कुळ निराळे. जगभरची घरगुती मांजरे पश्चिम आशियातील एका जंगली मांजराच्या वंशातील आहेत, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून स्पष्ट झाले. हे जनावर एकट्याने हिंडते व एकट्यानेच शिकार करते. उंदीर हा एका तोंडाचा घास. तो चौघांत वाटून खाण्याजोगा नव्हे. माणसाने शेती सुरू केली, धान्याची कोठारे भरली, कोठारांमागोमाग उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारीच मांजराचेही दफन केलेले आढळले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी हा शोध २००४ साली प्रसिद्ध केला. इतक्या दीर्घ सहवासात मांजराने माणसाशी जुळवून घेतले. स्वजातीयांशी जुळवून घेण्याची निकड त्यास तितकीशी भासली नाही. (बंगालात षष्ठीदेवीचे वाहन मांजर असते. तेही एकच!)

यावर कोणी म्हणेल, की मुंबईच्या ससून डॉकवर किंवा कोकण-गोव्यातील मासळी बाजारांत मांजरांचे थवेच्या थवे दिसतात, त्यांचे काय? ते खरेच आहे. अन्न विपुल असेल तेथे मांजरे एकत्र राहतात. परंतु अशा समूहांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की त्यांच्या केंद्रस्थानी आई, मुली, बहिणी, मावश्या असतात. त्या एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात, एकमेकींना चाटून स्वच्छ करतात, आणि परके मांजर जवळ येऊ लागले तर त्यास हाकलून लावतात. म्हणजे मांजराला सोबतीचे वावडे नाही. मात्र ते सोयरिकीत रमते, आणि अनोळखी पाहुण्याचे स्वागत करण्याची रीत त्याच्या घराण्यात नाही. दुसरे मांजर आणताना आपण नेमकी तीच अपेक्षा त्याच्याकडून करीत असतो.

मग दिवसभर घरात एकट्या असलेल्या मांजराचे काय करावे? मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते. त्याचा उत्साह पहाटे आणि तिन्हीसांजेला उतू जातो, आणि सुदैवाने त्याच वेळी आपण घरी असतो. त्यास बहुतेक वेळा उणीव भासते ती सोबत्याची नव्हे, कामाची. शिकारीचे सर्व साहित्य जवळ आहे, परंतु शिकारच नाही, अशी त्याची अवस्था असते. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे दोरीला पीस बांधून त्यास पळवावे, थोडे खाद्य रिकाम्या खोक्यांत दडवून ते शोधावयास लावावे, जाळी लावलेल्या खिडकीत बसण्यासाठी एक फळी ठोकून द्यावी. हा प्रयोग महिनाभर करून पाहावा. तेवढ्याने मांजराची मरगळ गेली, तर दुसऱ्या मांजराचा प्रश्न परस्पर सुटला. मरगळ कायम राहिली, किंवा खाणे कमी झाले, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. आजारी मांजर आणि कंटाळलेले मांजर दुरून सारखेच दिसते.

आपले मांजर जाणून घ्या

२००२ पासून बँकांत ‘आपला ग्राहक जाणून घ्या’ हे सूत्र रूढ झाले. खाते उघडताना मागितल्या जाणाऱ्या कागदपत्रांमुळे कित्येक ग्राहकांचा आमच्यावर रोषही झाला. तेच सूत्र येथे लावल्यास बरेच काही उलगडते. आपले मांजर आज किती वर्षांचे आहे? ते पिल्लू असताना इतर मांजरांत वाढले होते काय? दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाला ज्यांचा सहवास लाभतो, त्यांना ते पुढे आयुष्यभर आपले मानू शकते. याच काळात आईपासून दुरावून एकट्याने माणसांत वाढलेल्या मांजरास पुढे दुसरे मांजर हे संकटच वाटण्याचा संभव अधिक. खिडकीबाहेर एखादे मांजर दिसले की ते काय करते, हेही पाहावे. कुतूहलाने पाहून पुन्हा अंग चाटू लागले, तर आशेला जागा आहे. शेपटी फुगवून गुरगुरले आणि नंतर तासभर घरातल्यांवरच राग काढत राहिले, तर त्याने आपले मत नोंदविले आहे असे समजावे.

वय ही फार महत्त्वाची बाब आहे. दीड-दोन वर्षांच्या, शस्त्रक्रिया झालेल्या बोक्याकडे लहान पिल्लू आणले, तर बहुधा दोघांना खेळगडी मिळतो. दहा वर्षांच्या मांजरीचे सांधे दुखत असतात, तिची झोप ठरलेली असते, तिच्या उन्हाच्या जागा ठरलेल्या असतात. तिच्याकडे तेच पिल्लू आणणे म्हणजे निवृत्त गृहस्थाच्या दिवाणखान्यात क्रिकेटचा संघ उतरविण्यासारखे होय. वयस्क मांजरास सोबत द्यावयाचीच असेल, तर तीही शांत व पोक्त असावी, आणि पूर्वी इतर मांजरांसह सुखाने राहिलेली असावी.

बडोद्यास स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हा प्रसंग उद्भवला होता. मुलगी विवाह होऊन परदेशी गेली, तिने लाडाने वाढविलेली मनी नऊ वर्षांची झालेली. घर फारच शांत झाले, म्हणून त्यांच्या पत्नीने तीन महिन्यांचा एक गोजिरवाणा बोका आणला. त्याचे नाव बंड्या. बंड्याला मनीची शेपटी म्हणजे खेळणेच वाटे. पहिले काही दिवस ती फिसकारली, नंतर गप्प झाली. घरच्यांना वाटले, रुळली. वस्तुतः ती कपाटाच्या माथ्यावर राहावयास गेली होती. रात्री सर्व निजल्यावर उतरून दोन घास खाई, आणि एके दिवशी तिने गोधडीवर लघवी केली. पशुवैद्यांनी तपासले, तेव्हा जंतुसंसर्ग आढळला नाही. मूत्राशयाचा दाह होता आणि त्यामागे मनावरील ताण असावा, असे त्यांचे निदान होते. बंड्याला निराळ्या खोलीत ठेवून सहा आठवडे सर्व सायास नव्याने केले, परंतु मनी कपाट सोडीना. अखेर बंड्या त्यांच्या भाचीकडे गेला. तेथे एक वर्षाचा बोका होता आणि दोघांचे सूत लगेच जमले. त्यास पोहोचवून आल्यावर त्या माउलीने संध्याकाळी चूल पेटविली नाही. चौथ्या दिवशी मनी कपाटावरून उतरून त्यांच्या मांडीवर येऊन बसली. या निर्णयास कोणी निष्ठुरपणा म्हणेल. मला तो तसा वाटत नाही. त्या घरात बंड्याची हौस एका माणसाची होती, आणि तिची किंमत मनी मोजीत होती.

शब्दाविण भांडण

मांजरांच्या भांडणाची आपली कल्पना म्हणजे रात्री कौलांवर चालणारा आक्रोश. घरातील दोन मांजरांचे वैर मात्र बहुधा निःशब्द असते, आणि म्हणूनच ते ध्यानात येत नाही. एक मांजर स्वयंपाकघराच्या दारात सहज पहुडल्यासारखे पडून राहते आणि दुसरे बाहेरच थबकते. एक टक लावून पाहते, दुसरे मान वळवून आल्या वाटेने परत जाते. घरातल्यांना वाटते, किती शांतपणे नांदत आहेत! परंतु दाराशी पहुडलेल्याने अन्नाचा, पाण्याचा किंवा मलमूत्राच्या ट्रेचा रस्ता अडविलेला असतो. ज्याचा रस्ता अडतो ते लघवी तुंबवून धरते, किंवा कोपऱ्यात, अंथरुणावर करते, आणि वर बोलणीही तेच खाते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बोका वारंवार ट्रेवर जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्यास बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करीत बसू नये. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो बंद झाल्यास दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते, म्हणून त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

खऱ्या मैत्रीची चिन्हे निराळी आहेत. मांजरे शेपटी ताठ उभारून एकमेकांकडे येतात, गालाला गाल घासतात, एकमेकांचे डोके चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात. यांतील काहीच दिसत नसेल, परंतु दोघे वेळेवर खातात, खेळतात, मोकळेपणी हिंडतात, तर ती मैत्री नसली तरी सुखाची शेजारधर्मी आहे, आणि तीही पुरेशी आहे. ठाण्यातील आमच्या शेजाऱ्यांचे दोन बोके चार वर्षांत एकदाही एकत्र झोपलेले नाहीत. परंतु पूर्वेकडच्या खिडकीत सकाळी थोरला बसतो आणि अकराच्या सुमारास तो उठला की धाकटा. जागा तीच, वेळा वाटून घेतलेल्या! मांजरे अशी वाटणी नेहमीच करतात. त्यासाठी वकील लागत नाही.

घराचे क्षेत्रफळ आणि घराची सोय

घर मोठे हवे, हा समज अर्धाच खरा. दोन खोल्यांच्या घरातही दोन मांजरे सुखाने राहू शकतात; मात्र कोणतीही आवश्यक वस्तू एकाच ठिकाणी नसावी. मांजरांच्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०१३ साली संयुक्तपणे काही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सुरक्षित जागा, खेळ आणि माणसाचा भरवशाचा सहवास यांबरोबरच दोन गोष्टींवर भर आहे. खाणे, पाणी, ट्रे, झोपण्याच्या जागा या एकाहून अधिक आणि परस्परांपासून दूर असाव्यात, आणि मांजराच्या गंधविश्वाचा मान राखावा. ट्रेचा रूढ हिशेब ‘मांजरे अधिक एक’ असा आहे, म्हणजे दोन मांजरांना तीन ट्रे. एकाच स्नानगृहात तीन ट्रे ओळीने मांडले, तर मांजराच्या लेखी तो एकच मोठा ट्रे होय. ज्या घरात तीन ट्रेना तीन निरनिराळे कोपरे देता येत नाहीत, तेथे हा विचार येथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रे रोज उपसावे लागतात, हेही गृहिणीला न विचारता ठरवू नये. घरात मांजर सर्वांचे असते, ट्रे मात्र एकाच्याच वाट्याला येतो.

उंचीचा मात्र आपल्याला पुरेपूर लाभ घेता येतो. कपाटाचा माथा, माळ्याची कड, पुस्तकांच्या मांडणीवरची रिकामी फळी ही मांजरांच्या हिशेबाने वेगवेगळी खोलीच असते. खिडक्यांना आणि सज्जाला पक्की जाळी हवी. दोघांच्या झटापटीत एकाचा तोल जाण्याची शक्यता वाढते, आणि मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते या भरवशावर कोणी राहू नये.

गंधाचा मुद्दा थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण नव्या मांजराचा प्रवेश सुरळीत होणे बव्हंशी त्यावरच अवलंबून असते. मांजर दाराच्या चौकटीला गाल घासते, तेव्हा ते आपली खूण लावीत असते. त्याच्या गालांतील ग्रंथींतून येणारा हा गंध आपल्याला येत नाही, परंतु त्यास तो ‘हे घर माझे’ असे सांगतो. परके मांजर एकदम मधोमध आणून सोडले, की ही सारी नोंदवही एका क्षणात रद्द होते. म्हणून नवागतास आरंभी निराळ्या बंद खोलीत ठेवावे. दोन आठवडे तरी तसे ठेवण्यामागे आरोग्याचे कारणही आहे. मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपेनिया या प्राणघातक रोगाचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो, आणि पिल्लाच्या अंगावरचा नायटा घरातील माणसांनाही होतो. त्या अवधीत पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, जंतांचे औषध द्यावे, वयानुसार लसीकरण सुरू करावे. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. रक्ताचा कर्करोग व प्रतिकारशक्तीचा ऱ्हास घडविणारे दोन विषाणू मांजरांत एकमेकांपासून पसरतात, त्यांची रक्ततपासणीही याच वेळी होऊ शकते. पहिल्या मांजराचे लसीकरण मागे राहिले असेल, तर ते नवे मांजर घरी येण्यापूर्वीच पुरे करावे.

मग एक स्वच्छ पंचा नव्या मांजराच्या गालांवरून फिरवून जुन्याच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवावा, आणि जुन्याचा नव्याकडे. त्यावर कोणी फिसकारले तर पंचा थोडा दूर सरकवावा. दोघांची जेवणे बंद दाराच्या दोन बाजूंना मांडावी, हळूहळू वाट्या दाराजवळ आणाव्यात. दोन्हीकडे निवांत जेवण होऊ लागले म्हणजे मग दार बोटभर उघडावे, किंवा मध्ये जाळी लावून एकमेकांचे दर्शन घडवावे. समोरासमोरच्या पहिल्या भेटी पाच-दहा मिनिटांच्या असाव्यात, आणि त्या संपाव्यात त्या दोघांचे काही बिनसण्यापूर्वी. ‘आपापसांत मिटवून घेतील’ म्हणून त्यांना एका खोलीत कोंडणे, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि तो सर्वांत घातक आहे. एका वाईट मारामारीची आठवण पुसावयास कित्येक महिने लागतात. या साऱ्यास किती काळ लागावा? काही घरांत तीन आठवडे, काही घरांत सहा महिने. ज्यांना पुढील महिन्यात लग्नकार्य, दिवाळीचा प्रवास किंवा घराची रंगरंगोटी आहे, त्यांनी मुहूर्त पुढे ढकलावा.

वर्षांचा हिशेब

मांजर नीट सांभाळले तर पंधरा वर्षे सहज जगते. तेव्हा आज पंचावन्न वर्षांच्या व्यक्तीने पिल्लू आणणे म्हणजे सत्तरीपर्यंतची जबाबदारी स्वीकारणे होय. खाद्याचा खर्च दुप्पट होतो, हे सर्वांच्या ध्यानात येते. दोन्ही मांजरांच्या वार्षिक लसी, सुटीत परगावी जाताना त्यांना सांभाळणारे कोणी मिळणे, आणि म्हातारपणी दोघांची दुखणी एकाच वेळी उपटणे या गोष्टी अंदाजपत्रकात सहसा धरल्या जात नाहीत. बदलीची नोकरी करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना नवीन गावी घर शोधताना एक मांजर आहे असे सांगणे आणि दोन आहेत असे सांगणे यांत किती अंतर पडते, ते अनुभवानेच कळते. न जमल्यास सोडून देऊ, हा विचार तर मनातही आणू नये. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्यास विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. म्हणून मांजर स्वीकारतानाच, न जुळल्यास ते परत घेतले जाईल किंवा अमुक घरी जाईल, असे देणाऱ्याशी बोलून ठेवावे. हे बोलणे अवघड वाटते खरे, परंतु बडोद्याची ती भाची नसती, तर बंड्याचे काय झाले असते?

शस्त्रक्रियेचा विचार मात्र पुढे ढकलता येत नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की वयात येऊ शकते, आणि गर्भधारणेचा काळ अवघा नऊ आठवड्यांचा असतो. बोका व मांजरी एकत्र असतील, तर दुसऱ्या मांजराचा प्रश्न वर्षभरात सातव्या-आठव्या मांजराचा होऊन बसतो. ती सख्खी भावंडे आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ते नाते मांजरे मानीत नाहीत.

ज्यांच्या घरी अद्याप एकही मांजर नाही आणि दोन असावीत अशी इच्छा आहे, त्यांचे काम सर्वांत सोपे. त्यांनी एकाच वेताची दोन पिल्ले एकदम आणावीत. त्यांचा परिचय करून द्यावा लागत नाही, ती एकमेकांना चावून चावून किती जोराने चावू नये हे शिकतात, आणि रात्री आपल्या पायांच्या बोटांवर हल्ले कमी होतात.

आणि ज्यांनी विचारान्ती ‘नको’ असे ठरविले, त्यांच्यापुढे पार्किंगमधील ते पिल्लू उरतेच. त्यास घरात न घेताही त्याचे पुष्कळ करता येते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात खाणे द्यावे आणि जागा स्वच्छ करावी, म्हणजे सोसायटीत कुरबुर होत नाही. त्याची आई सापडली तर पिल्ले दूध तोडल्यावर तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्याचा खर्च दोन-तीन घरांनी मिळून केल्यास जड जात नाही. पिल्लाचे चांगल्या उजेडात काढलेले छायाचित्र, त्याचे अंदाजे वय आणि दिलेल्या लसी एवढी माहिती सूचनाफलकावर लावावी आणि घेऊन जाणाऱ्यास त्याच्या घरी आधीपासून मांजर आहे काय, हे विचारावे. ठाण्यातील आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात अशी चार पिल्ले होती. चौघांनाही दिवाळीपूर्वी घरे मिळाली, आणि त्यांतील दोन बहिणी एकाच घरी गेल्या.